दुव्याशिवाय उठायचं नाही

एशेन अतांचा दुवा किती लांब असायचा ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

माझ्या लग्नात त्यांनी तळवे उघडले तेव्हा माझ्या नवऱ्याला मिसरूडसुद्धा नव्हतं. आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवले, तोवर त्याच्या मिशीला पीळ भरण्याइतकी वाढ झाली होती. एकदा दुवा चालू असताना बाहेर बांधलेली घोडी व्याली, आणि दुवा संपला तेव्हा शिंगरू नाल्यावर जाऊन पाणी पिऊन परत आलं होतं. खोटं वाटत असेल तर घोडीला विचारा. आता ती नाही म्हणा.

पण एक गोष्ट मी घोडीला साक्षीला न ठेवता सांगते. आमच्या कोक-जार गावात जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावरून दुव्याशिवाय कुणी उठत नाही. बसलेल्यांत जो सगळ्यात म्हातारा, त्यानं तळवे उघडायचे, मग बाकीच्यांनी उघडायचे. त्यानं वरच्याकडं काय मागायचं ते मागायचं, सगळ्यांनी एकदम तोंडावरून हात फिरवायचे आणि मगच उठायचं. त्याआधी उठणं म्हणजे त्या घरातल्या बरकतीला लाथ मारणं. लघवीला लागलेली माणसं दात आवळून बसतात. माझ्या धाकट्या दिराला दुव्यात कुत्रं चावलं होतं. तो हलला नाही. शेवटी कुत्र्यालाच लाज वाटली आणि ते निघून गेलं.

एशेन अता नव्वदीच्या पलीकडचे, गावात सगळ्यात थोरले. त्यांचा मुलगा तुरात, साठीचा, गावाचा कारभार त्याच्याकडं. तुरातचा मुलगा कुबात, आणि कुबातची बायको जिबेक. आणि मी बुबुश अपा, त्यांची शेजारीण. माझ्या थापा ऐकायला लोक चहा पाजतात. त्यावरच माझं म्हातारपण चाललंय.

तर शहरातून एक बाई यायला लागली, गुलझात नावाची. जीपमधून पांढऱ्या कागदाची भली मोठी गुंडाळी आणि रंगीत पेनं घेऊन यायची. शाळेच्या मोठ्या खोलीत तरण्या पोरांना बसवायची आणि घोड्यांसारख्या वाढलेल्या बाप्यांनाही. पुढारपण शिकवते म्हणाली.

मी म्हटलं, "पोरी, इथं पुढं चालणारे रगड आहेत. मागून नीट चालणारं कुणी असलं तर त्याला शिकव."

ती हसली आणि तेच कागदावर लिहिलं. मला फार बरं वाटलं. त्याआधी माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. पोलिसानं एकदा घेतलं होतं, पण ते वेगळं.

तिनं विचारलं, "गावावर संकट आलं तर पुढं कोण होईल?"

सगळ्यांनी एशेन अतांकडं बघितलं. एशेन अतांनी आढ्याकडं बघितलं.

"देव," ते म्हणाले. "तुम्ही गाढवांनी मध्ये येऊ नका म्हणजे झालं."

अतांच्या तोंडी प्रत्येक वाक्यात एक गाढव असायचं. लाडानं म्हणायचे.

आणि संकट कोणतं ते आम्हाला कुणी सांगायला नको होतं. गावाच्या एका अंगानं नाला उतरतो. एरवी त्यात कोंबडी भिजत नाही. पण जूनच्या उन्हात वरचं बर्फ भराभर वितळलं आणि त्यात पाऊस पडला की तो घाटातून दगड, चिखल, अख्खी झाडं घेऊन खाली येतो. एका वर्षी तर वरच्या गावातली पेटती चूल वाहत आली, आम्ही तिच्यावर चहा केला. पण त्याच वर्षी खालच्या आळीतली एक बाई आणि तिच्या दोन लेकी गेल्या. त्यावर मी काही रचलेलं नाही.

गुलझात खेळ घ्यायची. एकानं डोळे बांधायचे, दुसऱ्यानं हात धरून त्याला अंगणातून न्यायचं, मध्ये खुर्च्या, बादल्या. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या आणि तुरातच्या वाट्याला नेमकी त्याची सून आली. आता सासरा सुनेचा हात धरणार कसा? गुलझातनं जिबेकच्या रुमालाचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं जिबेकच्या. तुरात दोन पावलं चालला, थांबला आणि डोळ्यांवरची पट्टी काढली.

"मला रस्ता दिसतो," म्हणाला.

"पट्टी काढल्यावर कोंबडीलाही दिसतो," मी म्हटलं. सगळे हसले. जिबेक हसली नाही. तिनं रुमाल झटकला, डोक्याला बांधला आणि खुर्च्या उचलायला लागली.

पुढं गटाचा म्होरक्या निवडायची वेळ आली. प्रत्येकानं एकेक खडा हव्या त्याच्या टोपीत टाकायचा. जिबेकची टोपी सगळ्यात जड झाली. लोंढा आला तर पळायचा सराव घेतला होता तेव्हा आम्ही सगळे किटल्या न् पोरं घेऊन टेकडीकडं पळालो होतो, आणि गोठ्यांची दारं उघडायची आठवण एकट्या तिलाच राहिली होती. लोकांनी ते लक्षात ठेवलं. कुबातनं तर सगळ्यांसमोर आपला खडा तिच्या टोपीत टाकला.

"घरातही ही पुढारी, बाहेरही ही," पोरांनी त्याला चिडवलं. "तू काय करणार रे?"

"मी रूळ वाजवणार," कुबात म्हणाला.

आमच्या गावात आगगाडी कुणी पाहिलेली नाही, पण रुळाचा एक तुकडा आहे. तो कसा आला त्याची गोष्ट वेगळी आहे, तिच्यात एक अस्वल येतं. ती नंतर. तो रूळ नाल्याच्या पलीकडच्या काठावर, कड्याखाली टांगला होता, कारण घाटाचं वळण तिथूनच दिसतं. पलीकडं जायला दोन ओंडक्यांचा पूल. उन्हाळ्यात कुणीतरी पाळीनं तिथं बसायचं. घाटात पाणी एकाएकी आटलं, ओल्या मातीचा वास आला की हातोडा मारायचा. रूळ वाजला की सगळ्यांनी कबरस्तानाच्या टेकडीवर जायचं. गावातली तेवढीच उंच जागा. मेलेल्यांना आम्ही चांगल्या जागी ठेवतो. आणि शेवटचं घर हलेपर्यंत वाजवणाऱ्यानं थांबायचं नाही, हा जिबेकनं घातलेला नियम.

सराव पहाटे झाला, दूध काढायच्या वेळी झाला, पावसात झाला.

गुलझातनं विचारलं, "आणि जेवताना?"

माना तुरातकडं वळल्या.

"जेवताना नाही," तुरात म्हणाला. "थोरले बसलेले असताना असला पोरखेळ नाही."

"लोंढा काय जेवण बघून येतो?"

"बाई, आमच्यात सगळं जेवण बघूनच होतं," तुरात म्हणाला, आणि सगळे इतके हसले की प्रश्न तिथंच राहिला. जिबेकनं तोंड उघडलं होतं. सासऱ्याकडं बघून मिटलं.

त्या जूनमध्ये जिबेकच्या लेकाचं, मिरानचं, दोरा कापायचं जेवण होतं. पोर पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधतात, गावातली पोरं पळत येतात, जे पहिलं येईल ते सुरीनं दोरा कापतं, म्हणजे पुढं आयुष्यात पोर अडखळत नाही. तुरातनं अंगणात लोकरीच्या नमद्याचा मोठा तंबू उभारला होता, मेंढी कापली होती.

ऊन असं, की कोंबड्या उकडलेली अंडी घालत होत्या. म्हणून रुळापाशी बसायची पाळी चुकवता येत नव्हती. पण तरण्या पोरांना शर्यत लावायची होती, बाप्यांना मांस खायचं होतं. जिबेक कुबातला म्हणाली, "तू जा."

मी तिथंच कांदे चिरत होते.

"माझ्या पोराचा दोरा कापायचा आणि मी रुळापाशी?"

"मी दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू? आधी आपल्या घरातलं जायला हवं."

"ती बाई तुला शिकवते आणि पाठ माझी सोलते," कुबात म्हणाला. पण भाकरीत मांस गुंडाळून घेतलं. जाताना म्हणाला, "दोरा कापला की त्याला माझ्याकडं तोंड करून चालव. मी पलीकडून बघतो."

तसंच केलं तिनं. दोरा तुटल्यावर पोराला नाल्याकडं तोंड करून उभं केलं. मिराननं चार पावलं टाकली आणि बसकण मारली. पलीकडं, बोटाएवढा दिसत होता कुबात, त्यानं हातोडा डोक्यावर उचलून हलवला.

मग थोरली माणसं तंबूत बसली. दारासमोरच्या मानाच्या जागी एशेन अता, त्यांच्या एका अंगाला तुरात आणि बाप्ये, दुसऱ्या अंगाला आम्ही म्हाताऱ्या. मी अतांच्या अगदी शेजारी. मेंढीचं डोकं त्यांच्यापुढं ठेवलं, त्यांनी कान कापून पोरासाठी दिला. दोन घास खाल्ले. मग चहा. जिबेक दारापाशी समोवाराजवळ, चहाच्या बंबाजवळ, बसून वाट्या भरत होती. सुनेनं तिथंच बसायचं, बोलायचं नाही, कुणाची वाटी रिकामी झाली तेवढं बघायचं.

अतांनी उशीला पाठ टेकली, डोळे मिटले, मांडीवर तळवे उघडे ठेवले. दुवा सुरू करायच्या आधी ते नेहमी असेच बसायचे. देवाला जागं करायला वेळ लागतो, म्हणायचे. आम्ही सगळ्यांनी तळवे उघडले आणि थांबलो.

थांबलो.

तेवढ्यात रूळ वाजला.

बाहेर पोरांचा गलका झाला. तरणी पोरं हाका मारायला लागली, लहानग्यांना उचललं, मिरानलाही कुणीतरी घेतलं, आणि पावलं टेकडीकडं धावत गेली. सरावात जसं केलं होतं तसंच. ती शिकली होती.

तंबूत सगळ्यांचे तळवे उघडे. सगळ्यांच्या माना अतांकडं.

"सराव असेल," कुणीतरी हळूच म्हणालं.

"जेवताना सराव नाही असं ठरलंय," दुसरा म्हणाला.

म्हणजे हा सराव नव्हता. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. माझ्या डोळ्यांदेखत कळलं. आणि कुणी उठलं नाही.

"बसा," तुरात म्हणाला. "अतांचे हात उघडे आहेत."

रूळ वाजतच होता. मी अतांकडं बघितलं. एक माशी त्यांच्या खालच्या ओठावर बसली. ओठाच्या आत गेली. आत फिरून सावकाश बाहेर आली. मी आजवर पुष्कळ थापा मारल्यात, पण जिवंत माणसाच्या तोंडातून माशी फेरफटका मारून आली, असं मीसुद्धा कधी सांगितलेलं नाही.

सांगावं तर काय होईल हे मला ठाऊक होतं. माणूस गेला म्हटलं की बाप्ये कमरेला पट्टे बांधून काठ्यांवर रेलून दारात उभे राहणार आणि मोठ्यानं रडणार. बाया केस सोडून मढ्याभोवती बसणार. मढं एकटं टाकून आमच्यात कुणी जात नाही. दुव्यासाठी बसलेली माणसं निदान दुवा संपल्यावर उठली असती. मढ्यासाठी बसलेली उठलीच नसती.

जिबेक चहाची किटली घेऊन आली. अतांची वाटी भरलेलीच होती, वर साय धरली होती. वाटी उचलताना तिचा हात त्यांच्या मनगटाला लागला. ती तशीच वाकलेली राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी पापण्या मिटल्या आणि उघडल्या.

तिनं किटली खाली ठेवली, अतांपुढं गुडघ्यांवर बसली आणि त्यांच्या तोंडाला कान लावला. सुनेनं असं करायचं, तेही सासऱ्यादेखत. मग ती बोलली, आणि तिचा आवाज इतका मोठा आहे हे तोवर मला माहीत नव्हतं.

"थोरले अता म्हणतात, दुवा इथं नाही. टेकडीवर. मला वर न्या म्हणतात."

कुणी हललं नाही. तुरात म्हणाला, "अता सुनेच्या कानात कधीपासून बोलायला लागले?"

रूळ वाजत होता. वाजवणारा दमला होता, ठोक्यांवरून कळत होतं. आणि तो तुरातचाच मुलगा होता. तरी तुरातचे तळवे उघडेच होते.

"मीही ऐकलं," मी म्हटलं. "शेजारी बसलेय ना. म्हणाले, गाढवांनो, बघत काय बसलात, उचला मला."

खालच्या आळीतला एक म्हातारा म्हणाला, "गाढवांनो म्हणाले?"

"दोनदा."

"मग अताच," तो म्हणाला आणि उठला.

तो उठला म्हणून त्याच्या शेजारचा उठला. चौघांनी अतांना बसल्या गोधडीसकट उचललं. जिबेकनं डोक्याचा रुमाल सोडला आणि अतांच्या तोंडावर टाकला. "धूळ उडतेय," म्हणाली. सासऱ्यासमोर सून उघड्या डोक्यानं उभी होती. तुरातनं बघितलं आणि मान वळवली.

दारातून अता बाहेर पडले, त्यांच्यामागं आम्ही, आणि रूळ थांबला.

"बघितलं त्यानं आपल्याला," जिबेक म्हणाली. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी सुख म्हणेन.

मग पायाखालची जमीन गुरगुरली. कुणीतरी जमिनीखालून दगडांची गाडी पळवत न्यावी तसं. आम्ही चढलो. माझे गुडघे दहा वर्षांपूर्वी मेले आहेत, मी चार पायांवर चढले. पोरं वरून ओरडत होती. वर पोचले आणि वळून बघितलं.

कुबात पुलावर होता.

पलीकडं कडा सरळ उभा आहे, चढायला जागा नाही. तिथला माणूस पुलावरूनच येतो. आम्ही तंबूत तळवे उघडून बसलो नसतो तर तो केव्हाच आला असता. तो ओंडक्यांवरून पळत होता, हातोडा अजून हातातच होता. का टाकला नाही कोण जाणे. गावाची वस्तू म्हणून असेल. आधी वारा आला, मातीच्या वासाचा. मग घाटाच्या तोंडातून लोंढा आला, काळा, घराएवढा उंच, आणि त्याच्या वर झाडं अशी फिरत होती, जशी चरख्यावर लोकर. पूल होता, पूल नव्हता. कुबात होता, कुबात नव्हता.

इथं मला एखादं अस्वल घालता येत नाही.

खालची आळी गेली. तुरातचं अंगण गेलं. तंबूचं वरचं लाकडी कडं तेवढं चिखलावर गरगरत खाली गेलं. मग आवाज उतरला, आणि आम्ही टेकडीवर कबरींमध्ये उभे.

तुम्हाला वाटेल लोक रडले. आधी लोकांनी काय केलं, ते खाली बसले. अतांना एका कबरीला टेकवून बसवलं होतं, त्यांच्यासमोर सगळे बसले आणि तळवे उघडले. कारण अतांनी दुवा टेकडीवर देतो असं सांगितलं होतं ना. जिबेक एकटी उभी होती, नाल्याकडं तोंड करून.

"अता," खालच्या आळीतला तो म्हातारा म्हणाला. त्याचं घर गेलं होतं. "दुवा द्या."

वाऱ्यानं रुमाल उडाला. पोरांनीसुद्धा बघितलं. तुरात पुढं झाला, बापाच्या गालाला हात लावला आणि हात बराच वेळ तिथंच ठेवला.

"गेले," तो म्हणाला. मग आमच्याकडं वळून म्हणाला, "इथं आल्यावर गेले. आपल्याला वर आणलं आणि मग गेले."

"खालीच गेले होते, अता," जिबेक सासऱ्याला म्हणाली. ती वळली नव्हती. "रूळ वाजायच्या आधी. माझा हात लागला होता. गार होते."

"नाही."

"मीच बोलले ते. त्यांच्या तोंडून मी—"

"नाही म्हणालो ना, पोरी."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो भीक मागत होता. अता टेकडीवर गेले असतील तर त्यांनी वेळेत हुकूम दिला होता आणि कुबात नशिबानं गेला. अता तंबूतच गेले असतील, तर तुरात हात उघडे ठेवून एका मढ्याची वाट बघत बसला होता, आणि बाहेर त्याचा मुलगा हात तुटेस्तोवर रूळ बडवत होता. जिबेकला ते कळलं. ती वळली, सासऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पुढचं बोलणं गिळलं.

सगळे तसेच बसलेले. तळवे उघडे. आमीन म्हणायला कुणी नव्हतं म्हणून कुणी मिटत नव्हतं. ऊन उतरलं, हात खाली पडायला लागले, एकेकाचे.

खाली उतरायची वेळ आली तेव्हा तुरातला पाऊल टाकता येईना. डोळे उघडे, पण जागचा हलेना. लोक त्याच्या काखेत हात घालायला गेले, त्यानं झिडकारलं. जिबेकनं रुमाल उचलून आणला, एक टोक त्याच्या हातात दिलं. त्यानं धरलं. मग त्यानं डोळे मिटले आणि ती पुढं, तो मागं, दगडांतून, चिखलातून ती त्याला खाली घेऊन गेली. शेवटपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत.

कुबात खालच्या चिनारांपाशी सापडला. आजोबा आणि नातू शेजारी शेजारी आहेत. अतांच्या कबरीवर आता लोक नवसाच्या चिंध्या बांधतात, दूरदूरहून येतात. बाजारात मी ऐकलं की अतांनी काठी जमिनीत रोवली आणि लोंढा दोन भागांत फुटला. वरच्या गावचा एकजण सांगत होता की ते स्वतःच्या पायांनी टेकडी चढले, पाठीवर दोन पोरं घेऊन. माझा धंदाच बसला. माझी अख्ख्या जन्माची थाप यांच्या एका श्वासापुढं फिकी.

मी खरं सांगून बघितलं. मशिदीच्या ओट्यावर, लग्नात, दुकानात. माशीसुद्धा सांगितली. लोक हसले. "अपा, तुझ्या थापा आता पोरंही ओळखतात," म्हणाले, आणि मला चहा पाजला.

कुबातच्या कबरीवर एकही चिंधी नाही.

पुढच्या वसंतात गुलझात आली. टेकडीवर आली, दोन्ही कबरींपाशी उभी राहिली. मग शाळेत सगळ्यांना बसवून विचारलं, एवढी माणसं वाचली ती कशी, मला दुसऱ्या गावांना सांगायचंय.

"थोरल्यांनी सांगितलं, आम्ही ऐकलं," तुरात म्हणाला. "आता तसाच नियम केलाय. रूळ वाजू दे, पण उठायचं ते थोरल्यांच्या शब्दावर."

गुलझातनं जिबेककडं बघितलं. जिबेक चहा ओतत होती. तिनं मान वर केली नाही. गटाचा म्होरक्या आता तुरात आहे, त्याच्या टोपीत खडे मावत नव्हते. गुलझातनं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

नाला तिथंच आहे. पूल नवा बांधलाय, रूळ नवा टांगलाय.

आणि गावात सगळ्यात म्हातारी आता कोण, तर मी. बाप्यांमध्ये जे थोरले होते ते एकेक करून वर गेले. दस्तरखानावर सगळ्या माना माझ्याकडं वळतात. मी बसायच्या आधीच तळवे उघडते. "देवा, पायांत बळ दे, आमीन, हं, उठलात तरी चालेल." लोक नाराज होतात.

"अपा, हा कसला दुवा? घास तरी घेऊ दे."

"खा की. दुवा झालाय, आता तुम्ही मोकळे."

तरी ते शेवटी माझ्याकडंच बघत बसतात. मोडत नाही ती सवय. तेव्हा मी जिबेकला माझ्या शेजारी बसवून घेते, समोवारापाशी नाही. पहिल्यांदा बसवलं तेव्हा तुरात नुसता जरा सरकला आणि तिला जागा दिली.

मी तिला सांगून ठेवलंय, "मी डोळे मिटले की मला चिमटा काढ. कळवळले नाही तर माझ्या तोंडून हवं ते बोल. आणि गाढवांनो म्हणायला विसरू नको, नाहीतर कुणी उठणार नाही."

ती हसत नाही. पण दर जेवणात, चहा झाला की, माझ्या दंडाला चिमटा काढते, अगदी पिरगळून काढते. मी कळवळते. ती दारातून नाल्याच्या पलीकडं एकदा बघते आणि पुढची वाटी भरते.